लग्नात फोडलेला ग्लास पुन्हा जोडता येतो का? ओगलेवाडीच्या काचेपासून ठाण्यातल्या मेझुझापर्यंतची गोष्ट

कराड रेल्वे स्टेशनवर उतरलात की तुम्ही खरंतर कराडात नसता, ओगलेवाडीत असता. इथून कराड शहरात जायला रिक्षा करावी लागते. या गावाचं नाव एका काच कारखान्यावरून पडलं, हे आमच्या पिढीतल्या अनेकांना माहीत नाही. मलाही ते उशिराच कळलं, आणि तेही ठाण्याच्या एका मैत्रिणीमुळे.

ही मैत्रीण सांगलीत इंजिनीअरिंगला माझी हॉस्टेलची रूममेट होती. आडनाव कोकणातल्या गावावरून, शेवटी ‘कर’. घरात मराठी, डब्यात बोंबील आणि सोलकढी. शुक्रवारी संध्याकाळी मात्र ती दोन मेणबत्त्या लावायची आणि मनुकांच्या सरबताचा घोट घ्यायची. ती बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. मागच्या वर्षी तिचं लग्न झालं. त्यानंतर दोन महिन्यांनी तिचा फोन आला.

‘अगं, तू कराडची ना? तुमच्याकडे काचेचा कारखाना होता ना? मला एक काम आहे.’

तिच्याकडे एका जुन्या पाकिटात काचेचे तुकडे होते. लग्नात नवऱ्याने फोडलेल्या ग्लासाचे. त्या तुकड्यांपासून तिला नव्या घराच्या दाराला लावायची मेझुझा करून हवी होती. अमेरिका आणि इस्रायलमध्ये काच वितळवून अशा वस्तू करून देणारे कारागीर आहेत. तिला ते कुरिअरने परदेशी पाठवायचं नव्हतं. ‘हरवलं तर दुसरं आणणार कुठून?’ असं तिचं म्हणणं.

कारखाना कधीच बंद पडलाय, हे मी तिला सांगितलं. पण मेकॅनिकलची डिग्री असलेल्या माणसाला ‘हे होईल का?’ असं विचारलं की तो ‘नाही’ म्हणत नाही. तिथेच मी फसले. या सगळ्यात मी जे शिकले ते क्रमाने सांगते.

मेझुझा म्हणजे नेमकं काय?

ज्यू घराच्या दाराच्या उजव्या चौकटीला, आत जाताना उजव्या हाताला, एक बोटभर ते वीतभर लांबीची डबी लावलेली असते. तिच्या आत चामड्याच्या पातळ पापुद्र्यावर, म्हणजे चर्मपत्रावर, हिब्रूमध्ये हाताने लिहिलेला मजकूर असतो. बायबलच्या जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या ६ व्या आणि ११ व्या अध्यायांतले हे दोन उतारे, एकूण २२ ओळींत. घरात येता-जाता त्या डबीला बोटं लावून ओठांना लावायची पद्धत आहे. आपण उंबऱ्याला हात लावतो, तसंच काहीसं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पवित्र असतो तो आतला मजकूर. तो ‘सोफेर’ म्हणजे प्रशिक्षित ज्यू लेखनिकानेच लिहायचा असतो, एक अक्षर चुकलं तरी चालत नाही. बाहेरची डबी मात्र लाकूड, पितळ, चांदी, प्लास्टिक, काच, कशाचीही चालते, आणि ती कुणीही बनवली तरी चालते. मी ज्यू नाही, मी केलेली डबी चालेल का, हा माझा पहिलाच प्रश्न होता. ‘डबीच करायचीये गं, लिहायचं नाहीये,’ असं उत्तर मिळालं. चर्मपत्र तिच्या मावशीने इस्रायलहून पाठवलं होतं.

डबीवर बहुतेक वेळा ‘शिन’ हे हिब्रू अक्षर असतं, तीन दांड्यांचं. देवाच्या एका नावाचं ते पहिलं अक्षर. त्रिशूळाची दांडी काढून टाकली तर जसं दिसेल तसं.

आणि ग्लास का फोडतात?

ज्यू लग्नात नवरा पायाखाली किंवा आपटून काचेचा ग्लास फोडतो आणि लोक ‘मझल तोव’ म्हणून ओरडतात, हे सिनेमात आपण पाहिलेलं असतं. त्यामागचं कारण आनंदाचं नाही. जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी इसवी सन ७० मध्ये पाडलं, त्याची आठवण ऐन आनंदाच्या क्षणीही राहावी, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ सांगतात. ताल्मूद या ग्रंथात याहून जुनी गोष्ट आहे. एका विद्वानाने मुलाच्या लग्नात पाहुणे फारच चेकाळलेत हे पाहून ४०० झूझ किमतीचा मौल्यवान पेला सर्वांसमोर फोडला आणि सगळे गप्प झाले. दुसऱ्या एका लग्नात राव आशी यांनी पांढऱ्या काचेचा पेला फोडला.

त्याच ताल्मूदमध्ये काचेबद्दल आणखी एक वाक्य आहे, जे वाचून माझ्यातली इंजिनीअर एकदम खूश झाली. जेवणाची धातूची भांडी ज्यू नसलेल्या माणसाकडून विकत घेतली तर वापरण्याआधी ती वाहत्या किंवा साठवलेल्या नैसर्गिक पाण्यात बुडवायची असतात. मातीच्या भांड्यांना हा नियम नाही. मग काचेचं काय? ती तर वाळूपासून होते, म्हणजे मातीच की! पण ताल्मूद म्हणतं, काच फुटली तरी वितळवून पुन्हा घडवता येते, म्हणून ती धातूसारखी धरायची. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या धर्मशास्त्रात काचेच्या रिसायकलिंगचा गुणधर्म नियमाचा पाया आहे.

हिशोब सोपा आहे. ओगलेवाडीचा कारखाना चालू असता आणि तिथला काचेचा पेला एखाद्या बेने इस्रायल घरात शुक्रवारच्या सरबतासाठी गेला असता, तर तो आधी पाण्यात बुडवावा लागला असता. मेझुझाच्या डबीला तो नियम नाही, कारण त्यात कुणी जेवत नाही.

सरबताचं निघालंच आहे तर सांगते. शब्बाथची सुरुवात द्राक्षरसावर आशीर्वाद म्हणून होते. कोकणात द्राक्षाची वाईन कुठून मिळणार? म्हणून बेने इस्रायल लोकांनी मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायची पद्धत धरली. हॉस्टेलमध्ये तिच्यासाठी बेदाणे मी आणायचे. जीआय मानांकन मिळालेला बेदाणा ज्या जिल्ह्यात पिकतो, तिथेच आम्ही शिकत होतो, त्यामुळे त्या बाबतीत तिची कधी गैरसोय झाली नाही.

मराठी ज्यू कोण, थोडक्यात

बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. पिढ्यानपिढ्या ते कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं. जुन्या बोलीत हे लोक सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं मानलं जातं. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ सगळ्यांना माहीत असतं, पण ते १८६७ मध्ये बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांनी बांधलेलं. पुण्यातच १८७४ मध्ये वल्हांडण सणाची हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली. तिच्या चित्रात बायका साड्या नेसून, मांडी घालून बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात.

२०११ च्या जनगणनेत देशभरातल्या ज्यूंची संख्या साडेचार हजारांच्या आसपास होती. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. मैत्रिणीच्या आजोळचे सगळे आता तिकडेच आहेत, पण मावशीचं व्हॉट्सअॅप स्टेटस अजून मराठीत असतं.

सातारा-सांगलीत या समाजाची मोठी वस्ती मला सापडली नाही. पण एक ज्यू माणूस इथे होऊन गेला, आणि तोही इंजिनीअर. मॉरिस फ्रीडमन, पोलंडचे. औंध संस्थानच्या १९३९ च्या राज्यघटनेच्या कामात गांधीजी आणि आप्पासाहेब पंत यांच्याबरोबर त्यांचा हात होता. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची कल्पनाही त्यांचीच. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा सिनेमा त्याच तुरुंगावरून सुचलेला. विषयांतर झालं, पण औंधचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

ओगलेवाडीत काय होतं?

लोकमान्य टिळकांच्या काळात स्वदेशीसाठी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा राहिला. त्या फंडातून तळेगावला १९०८ मध्ये काच कारखाना आणि काचकाम शिकवणारी शाळा सुरू झाली. त्यानंतर काही वर्षांनी, १९१६ मध्ये, ओगले बंधूंनी कराडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत स्वतःचा काच कारखाना काढला. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, तीही औंधच्याच हद्दीत. एवढ्याशा संस्थानात, पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्यावर, सहा वर्षांत दोन कारखाने आणि दोन गावं उभी राहिली.

ओगल्यांचा प्रभाकर कंदील घराघरात पोचला. माझ्या आजोळी गोठ्यात तो अजून टांगलेला आहे, काचेशिवाय. कंदिलाची काच दिसायला साधी, पण करायला अवघड. आतून ज्योतीची धग, बाहेरून पावसाचा शिंतोडा. काच बनवताना भट्टीतून काढून ती पुरेशी सावकाश थंड केली नसेल तर तिच्या आत ताण अडकून राहतो आणि पहिल्याच पावसात तडकते. म्हणजे कंदिलाचा धंदा चालतो की बुडतो, हे काच वितळवण्याइतकंच ती थंड करण्यावरही ठरतं. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरले नव्हते, तरी माझी काच फुटलीच. का, ते पुढे येतंच.

फ्यूज्ड ग्लास म्हणजे काय?

काच घडवण्याच्या बऱ्याच रीती आहेत. फुंकून फुगवणं ही सगळ्यात प्रसिद्ध. फुंकणीची ही कला भूमध्य सागराच्या पूर्व किनाऱ्याकडे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सुरू झाली. तिचा सगळ्यात जुन्यांपैकी एक पुरावा, काचेच्या नळ्या आणि फुंकलेल्या काचेचा कचरा, नहमान अविगाद यांना जेरुसलेमच्या ज्यू मोहल्ल्यातल्या उत्खननात मिळाला.

फ्यूजिंगमध्ये फुंकणी नाही, हातात लालभडक गोळा नाही. थंड काचेचे तुकडे कापायचे, एकमेकांवर रचायचे, भट्टीत ठेवायचे आणि दार बंद करायचं. तापमान वाढलं की काच मऊ होते, थर एकमेकांत मिसळतात आणि एकसंध तुकडा तयार होतो. पाणी शून्याला जसं गोठतं तसा काचेचा ठरावीक वितळणबिंदू नसतो, ती हळूहळू सैल पडत जाते. त्यामुळे तापमान किती त्यावर काय होईल ते ठरतं.

कलाकामासाठी मिळणारी काच साधारण ६५० ते ६८० अंश सेल्सिअसला स्वतःच्या वजनाने वाकून साच्यात बसते, थाळ्या-वाट्या अशाच करतात. ७३० ते ७६० च्या दरम्यान तुकडे चिकटतात पण त्यांचे उंचवटे हाताला लागतात. ८०० च्या आसपास सगळं सपाट, एकजीव. खिडकीची काच जरा हट्टी, तिला ८३० च्या पुढेमागे न्यावं लागतं.

आणखी एक गंमत. मऊ झालेली काच पृष्ठताणामुळे सुमारे ६ मिलिमीटर जाडीला स्थिरावू पाहते. ३ मिलिमीटरची एकच पट्टी ठेवली तर ती कडांनी आक्रसते, तीन थर ठेवले तर पसरते. म्हणून दोन थर रचायचा रिवाज.

ही रीत नवी नाही. रोममध्ये चौथ्या शतकात काचेच्या पेल्याच्या तळावर सोन्याचा वर्ख लावून, त्यात चित्र कोरून, वरून काचेचा दुसरा थर वितळवून बसवत. त्यातल्या काहींवर सात फांद्यांची मेनोरा समई, शोफार हे शिंग आणि तोरा ठेवायचं कपाट आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असा एक तुकडा आहे. ज्यू धर्मचिन्हं आणि वितळवून जोडलेली काच यांची जोडी किमान सोळाशे वर्षांची आहे म्हणायची.

आजच्या कारागिरांचं काम सोपं झालं ते एकमेकींशी जुळणाऱ्या रंगीत काचा बाजारात आल्यावर. अमेरिकेत पोर्टलंडला १९७४ मध्ये सुरू झालेली बुल्सआय ही कंपनी त्यातली अग्रणी. ‘जुळणाऱ्या’ म्हणजे काय? इथे मी माझ्या फजितीकडे येते.

एमआयडीसीतली भट्टी आणि टक्

सांगलीत आमच्या एका वर्गमित्राच्या वडिलांचं हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे. गिअर, शाफ्ट, डाय कडक करून देतात. त्यांच्याकडे एक मफल फर्नेस आहे, डिजिटल कंट्रोलरसह, हजार अंशांपर्यंत जाणारी. रविवारी ती रिकामी असते. काकांना विचारलं तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘काच घालणार व्हय माझ्या भट्टीत? चिकटली म्हंजे?’

चिकटू नये म्हणून फायरब्रिकच्या लादीवर अॅल्युमिना पावडर आणि चायना क्ले पाण्यात कालवून लेप दिला. गावभागातल्या काचेच्या दुकानातून खिडकीची साधी काच कापून आणली. दोन पट्ट्या एकावर एक, त्यांच्यावर मैत्रिणीच्या पाकिटातले तीन तुकडे. तीनच, कारण आधी ट्रायल घ्यायची एवढी अक्कल शाबूत होती.

तासाला दीडशे अंशांनी चढवत ८३० ला नेलं, दहा मिनिटं थांबवलं. मग ५४५ ला आणून एक तास धरून ठेवलं. या थांब्याला अॅनिलिंग म्हणतात, काचेच्या आतला ताण इथे सैल होतो. नंतर तासाला पन्नास अंशांनी खाली. कंदिलाचा धडा गिरवला होता. सोमवारी सकाळी ऑफिसच्या आधी दार उघडलं, तर आत सुरेख, चकचकीत पट्टी. तुकड्यांच्या कडा गोलावल्या होत्या. मी फोटो काढला, तिला पाठवला, तिने बदाम पाठवले.

वीस मिनिटांनी टेबलावर ‘टक्’ असा आवाज झाला. एका तुकड्याच्या कडेपासून निघालेली तड पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती. काका म्हणाले, ‘क्वेंचिंग क्रॅकसारखं वाटतंय.’ क्वेंचिंग नव्हतं. पण ताणाचाच मामला होता.

प्रत्येक काच तापली की किती वाढते याचा एक आकडा असतो, काचवाले त्याला सीओई म्हणतात. सीओई ९० म्हणजे एक मीटर लांबीची पट्टी एक अंश तापली की ९ मायक्रॉन वाढते. बुल्सआयची काच ९० ची, दुसऱ्या काही कंपन्यांची ९६ ची, खिडकीची साधारण ८३ ते ८५. प्यायच्या ग्लासाचा आकडा त्याच्या कंपनीलाच ठाऊक.

समजा दोन काचांमध्ये सहाचाच फरक आहे. भट्टीत दोन्ही मऊ असताना काही बिघडत नाही, त्या मजेत मिसळतात. साधारण ५४० अंशांखाली त्या कडक होतात आणि तिथून खोलीच्या तापमानापर्यंत पाचशे अंश उतरतात. एक काच जास्त आक्रसते, दुसरी कमी. दहा सेंटीमीटर लांबीत हा फरक फक्त ०.०३ मिलिमीटर भरतो, केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. पण स्टील एवढं ताणलं तर काही झालं नसतं, काच ताण सोसत नाही. अॅनिलिंग कितीही केलं तरी हा ताण जात नाही, कारण तो थंड होण्याच्या वेगाचा नाही, दोन काचांच्या स्वभावाचा आहे. काही तुकडे भट्टीतच तडकतात, काही वीस मिनिटांनी, काही म्हणे आठवड्यांनी.

मटेरियल सायन्सच्या पेपरात हे गणित मी सोडवलं होतं, मार्कही मिळाले होते. तरी दोन्ही ‘साधी काच’ म्हणून एकत्र टाकली. मैत्रिणीला फोन केला. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बाकीचे आहेत ना?’ बाकीचे होते. अकरा.

दुसरा प्रयत्न

यावेळी आधी कागदावर विचार केला. खिडकीची काच खिडकीच्या काचेशी जुळते, ग्लासाचे तुकडे ग्लासाच्या तुकड्यांशी. मग दोघांना एकत्र वितळवायचंच कशाला?

डबी फक्त खिडकीच्या काचेची करायची ठरवली. आत पोकळी हवी, तिथे चर्मपत्राची गुंडाळी बसणार. पोकळी करायला युक्ती लागते, आणि ती काकांकडच्या भंगारातच सापडली. भट्टीच्या दाराला लावतात तो सिरॅमिक फायबरचा पांढरा कागद. त्याच्या १२ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून दहा मिलिमीटर उंचीची चळत केली, ती दोन काचांच्या मध्ये लांबीला ठेवली. वरची काच मुद्दाम जास्त रुंद घेतली, म्हणजे ती मऊ झाल्यावर चळतीवरून ओघळून दोन्ही बाजूंनी खालच्या काचेला चिकटते. थंड झाल्यावर फायबर भिजवून, खरवडून काढायचं, बोगदा तयार. हे करताना मास्क लावा, त्याचे तंतू फुप्फुसाला चांगले नाहीत.

शिन अक्षर तांब्याच्या पातळ वर्खातून कात्रीने कापलं. मैत्रिणीने व्हॉट्सअॅपवर अक्षर पाठवलं होतं, मी ते छापून गिरवलं, आणि एकदा उलटं कापलं. रोमनांचं सोनं, आमचं तांबं. वर्ख इतका पातळ असतो की काच त्याला सांभाळून घेते, जाड पत्रा असता तर पुन्हा ‘टक्’. भट्टीतून तांबं चकचकीत येत नाही, विटेसारखं लालसर येतं. मला ते आवडलं.

ग्लासाचे तुकडे वेगळे वितळवले. एकट्यानेच, दुसऱ्या रविवारी, आपापसात. तापमान किती लागेल याचा अंदाज नव्हता, म्हणून ७४० ला नेऊन भट्टीच्या भोकातून पाहिलं, कडा अजून धारदार होत्या. आणखी तीस अंश चढवले. अकरा तुकड्यांचा मिळून अंगठ्याच्या नखाएवढा एक थेंब झाला, किंचित निळसर. दांडीचा जाड तुकडा मध्ये उमटून दिसत होता.

मग तो थेंब डबीवर सिलिकॉनने चिकटवला. सिलिकॉन रबरासारखं असतं, दोन काचा उन्हात वेगवेगळ्या वाढल्या तरी ते मध्ये लवचिक राहतं. परदेशातले बरेच कारागीरही अनोळखी काच वितळवायच्या भानगडीत पडत नाहीत, तुकडे पारदर्शक नळीत सुटे भरून देतात, हे मला नंतर कळलं. आधी वाचलं असतं तर तीन तुकडे वाचले असते.

दोन गोष्टी मात्र कुठल्याही पुस्तकात नाहीत, त्या ठाण्याच्या हवेने शिकवल्या. बोगद्याची दोन्ही तोंडं सिलिकॉनने पक्की बंद केली तर आतली दमट हवा आतच राहते आणि पावसाळ्यात काचेला आतून घाम येतो. चर्मपत्रावरची शाई त्याने खराब होऊ शकते. म्हणून गुंडाळी आधी प्लास्टिकच्या पातळ आवरणात घातली आणि वरचं तोंड बंद, खालचं काढता येणाऱ्या बुचाचं ठेवलं. चर्मपत्र ठरावीक वर्षांनी काढून तपासायचं असतं, त्यालाही ते सोयीचं. दुसरं म्हणजे ऊन. पारदर्शक डबी पश्चिमेच्या दाराला लावली तर शाई उडू शकते. मागच्या काचेला आतून पांढरा कागद लावून तेवढं भागवलं.

याच रीतीने आणखी काय करता येतं?

हनुक्काचा दिवा सगळ्यात लोकप्रिय. आठ दिव्यांची एक ओळ, आठही एका पातळीवर, आणि नववा ‘शमाश’ जरा वर किंवा बाजूला, त्याच्याने बाकीचे पेटवायचे. काचेच्या पायावर थेट मेणबत्ती ठेवली तर शेवटी ज्योत टेकते आणि काच तडकते, म्हणून धातूच्या छोट्या वाट्या बसवतात. बेने इस्रायलांच्या घरात हा सण मुळात नव्हता, बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो आला, असं समाजाच्या इतिहासात सांगतात. पण आल्यावर त्यांनी तो आपला करून घेतला. मुंबईकडच्या जुन्या भिंतीवरच्या दिव्यांत सहा कोनी चांदणी आणि तेल-वातीचे काचेचे पेले दिसतात. तेली लोकांना तेलाचा दिवा कोण शिकवणार?

वल्हांडणाच्या रात्रीची सेदेरची थाळीही काचेची करतात, सहा पदार्थांसाठी सहा खळगे असलेली. आधी सपाट वितळवायची, मग साच्यावर ठेवून कमी तापमानाला वाकवायची, म्हणजे दोन फेऱ्या. वल्हांडणाला काचेचा एक फायदाही आहे. खमीर लागलेली भांडी त्या आठवड्यात चालत नाहीत. सेफार्दी परंपरा, जी बेने इस्रायलही पाळतात, असं मानते की काच काहीच शोषत नाही, धुतली की झालं. युरोपातले अश्केनाझी ज्यू मात्र याबाबत कडक आहेत. मैत्रिणीच्या आईने हे ऐकून एवढंच म्हटलं, ‘आमच्याकडे स्टीलची वेगळी भांडी माळ्यावर असतात, तेच बरं.’

तुम्हाला करून पाहायचं असेल तर साध्या खिडकीच्या काचेपासून सुरुवात करा, आणि एकाच शीटमधून सगळे तुकडे कापा. टफन्ड काच घेऊ नका, ती कापताच येत नाही. घरच्या ओव्हनमध्ये हे होत नाही, तो अडीचशे अंशांवर थांबतो. ज्या भट्टीला तापमान टप्प्याटप्प्याने उतरवणारा कंट्रोलर नाही तिच्यातही नको. आणि वर ठेवायचा तुकडा आजीच्या बांगडीचा वगैरे असेल, तर तो आधी भट्टीत घालू नका.

गेल्या महिन्यात डबी ठाण्याला गेली. कुरिअरने नाही, मी एसटीने मांडीवर घेऊन गेले. तिच्या सासऱ्यांनी चर्मपत्र आत सरकवलं, आशीर्वाद म्हटला आणि उजव्या चौकटीवर, वरच्या तिसऱ्या भागात, डबी बसवली. खिळे मारायला काचेला भोकं नव्हती, हे माझ्या डिझाइनमध्ये राहून गेलं होतं. शेवटी जाड डबल साइड टेपवर काम भागलं. सगळ्यांनी एकेक करून थेंबाला बोट लावलं. नवरदेव म्हणाला, ‘मी एवढ्या जोरात फोडला होता, तुला एवढे तुकडे मिळाले कसे?’

मग सासूबाईंनी चहा देताना सहज सांगितलं की मेझुझा फक्त मुख्य दाराला नसते, बाथरूम सोडून प्रत्येक खोलीच्या दाराला लागते. त्यांच्या फ्लॅटला अशी अजून चार दारं आहेत. परतताना काकांना फोन केला. ते म्हणाले, रविवारी भट्टी मोकळी आहे, पण यावेळी लादीवरचा लेप मी खरवडून द्यायचा.